घडी बदलणारा राजा

मराठी आरमाराचा आरंभ आपल्या कल्याणच्या खाडीत झाला, हे आम्ही कल्याणकर अभिमानाने सांगतो. परंतु मला त्या अभिमानापेक्षा एक प्रश्न मोठा वाटतो. डोंगरदऱ्यांत वाढलेल्या शिवाजी महाराजांनी राज्यकारभाराची चालत आलेली घडी बदलली कशी?

1630 साली शिवनेरीवर जन्मलेल्या या जहागीरदाराच्या मुलासमोर जुनी रीत होती : सरदाराला मुलूख तोडून द्यावा आणि त्याने तिथे धनी व्हावे. महाराजांनी ती मोडली आणि चाकरीचा मोबदला रोख ठरविला. वतनदारांची वतने मात्र त्यांनी सरसकट बुडविली नाहीत. हक्क नेमून दिले, वाडेहुडे बांधण्यास मनाई केली. कोठे हात घालायचा आणि कोठे थांबायचे, हे त्यांना नेमके कळत होते. गडावरही हवालदार, सबनीस, कारखानीस अशी वाटणी केल्यामुळे एकट्याच्या फितुरीने गड जाणे अवघड झाले.

1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती येताच येथे जहाजे बांधण्यास सुरुवात झाली. लढाऊ जहाजांच्या कामावर फिरंगी कारागीर नेमले. पोर्तुगीजांनी ते फोडून नेले, तरी काम थांबले नाही. कोळी-भंडाऱ्यांच्या अंगच्या दर्यावर्दीपणावर आरमार उभे राहिले.

खरी कसोटी 1666 साली लागली. आदल्याच वर्षी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले होते आणि आता खुद्द राजा आग्र्यात कैदेत होता. तरीही जिजाबाईंच्या देखरेखीखाली कारभार चालू राहिला. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा विजय. 1674 चा राज्याभिषेक, अष्टप्रधान आणि राज्यव्यवहारकोश यांनी त्याच व्यवस्थेला नाव आणि भाषा दिली.

1680 मध्ये महाराज गेले. पुढे औरंगजेबाच्या रेट्यात राजारामांना माणसे टिकविण्यासाठी पुन्हा वतने द्यावी लागली. जुनी रीत परतली, हे मान्य केलेच पाहिजे. पण 1700 साली राजारामही गेले, तरी राज्य बुडाले नाही. नियम संकटात वाकतात. मात्र धन्यावाचून काम करण्याची माणसांना लागलेली सवय मागे उरते. संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी या चरित्रातून उचलावे.