यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर, १९२१ – १० जुलै, १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठी सैनिक होते. ते ब्रिटिश भारतीय सेनेच्या ५व्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते.

जीवन

घाडगे यांचा जन्म तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. लष्करात दाखल झाल्यावर ते नाईक या हुद्द्यापर्यंत पोहोचले. या हुद्द्यावरील सैनिकाकडे सेक्शन या पायदळाच्या सर्वांत लहान तुकडीचे नेतृत्व असे.

तुकडीची शस्त्रे

पायदळाच्या सेक्शनमधील बहुतेक सैनिकांजवळ ली-एनफिल्ड रायफल असे. तिच्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या मावत. मात्र प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागे. तुकडीतील ब्रेन मशिनगनमधून एकेक गोळी किंवा सलग मारा, असे दोन्ही प्रकार शक्य होते. घाडगे यांच्याजवळ थॉम्पसन बनावटीची टॉमीगन होती. तिच्या डाव्या बाजूच्या कळीने एकेरी किंवा स्वयंचलित गोळीबार निवडता येई. स्वयंचलित गोळीबारात खटका दाबून धरला की मिनिटाला ६०० ते ७०० या वेगाने गोळ्या सुटत. पेटीसारख्या मॅगझिनमध्ये मात्र २० किंवा ३० गोळ्याच असल्याने ते दोन-तीन सेकंदांत रिकामे होई. जवळच्या लढाईत अतिशय प्रभावी असलेल्या या शस्त्राची हीच मोठी मर्यादा होती.

१० जुलै १९४४ ची लढाई

जून १९४४ मध्ये रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले आणि जर्मन सैन्य लढत लढत उत्तरेकडे मागे हटू लागले. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगराळ मुलखात त्याचा पाठलाग करणाऱ्या सैन्यात मराठा पलटण होती. १० जुलै रोजी घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा तीव्र मारा झाला. त्यात घाडगे वगळता तुकडीतील सर्व जण ठार किंवा जखमी झाले.

सोबतीला कोणीही उरलेले नाही हे ठाऊक असूनही घाडगे एकटेच मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले. त्यांनी प्रथम हातबॉम्ब फेकून मशिनगन व ती चालवणारा सैनिक निकामी केला आणि नंतर टॉमीगनने आणखी एकाला टिपले. शत्रूचे दोन सैनिक अद्याप शिल्लक होते आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता. तेव्हा घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या प्रहारांनी त्या दोघांना ठार केले. ठाणे ताब्यात आले. परंतु दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांना वीरमरण आले. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते.

सन्मान व स्मारके

१९४४ मध्येच घाडगे यांना ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्य सन्मान व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर जाहीर झाला. पुढे एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीवरील लढाईसाठी याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांनाही हा सन्मान मिळाला. हाताला जखम झाल्याने जाधव यांना टॉमीगन चालवणे अशक्य झाले होते. ती टाकून त्यांनी हातबॉम्बच्या साहाय्याने लढा चालू ठेवला.

माणगाव येथे घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीतील कासिनो येथील युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने या गावी २०२३ मध्ये सूर्यघड्याळाच्या रूपात त्यांचे स्मारक उभारण्यात आले. इटलीच्या मोहिमेत लढलेल्या भारतीय सैनिकांची स्मृती ते जपते.