भास्कराचार्य आणि अपवर्तनाचा विवेक

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ हे भास्कराचार्यांचे जन्मवर्ष. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जलविड हे गाव, शांडिल्य गोत्र आणि पिता महेश्वर हेच गुरू, एवढा परिचय त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. लीलावती ही त्यांची कन्या व तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. परंतु ती आढळते अकबराच्या आज्ञेने १५८७ मध्ये फैजीने केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणून ती येथे बाजूस ठेवते.

आपले विद्यार्थी ज्याला ‘क्ष’ म्हणतात, त्याला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणत. आणखी अज्ञात राशी आल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. अपूर्णांकांचे छेद समान करणे, मग छेद काढून टाकणे आणि समान गुणकाने भागून राशी लहान करणे, म्हणजेच अपवर्तन, ही त्यांची नित्याची रीत होती.

कुट्टकाच्या प्रकरणातील एक उदाहरण पाहावे. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? प्रथमदर्शनी हे आकडे भीतिदायक वाटतात. तिन्हींना १३ ने भागले की १७, ५ आणि १५ उरतात. आता १७ ला ५ ने गुणून ५ मिळवले की ९० होतात आणि १५ ने भागल्यास भागाकार ६ येतो. मूळ प्रश्नाचेही उत्तर तेच, कारण ११७० ला १९५ ने भागले तरी ६ च येतात. मात्र ६५ च्या जागी ६० असते तर? २२१ आणि १९५ यांना १३ ने भाग जातो, ६० ला जात नाही. अशा वेळी प्रश्नच सदोष आहे, असे भास्कराचार्य बजावतात. गुणक सर्वांचा असेल तरच तो काढावा. बेरजेतील एकच पद छेदाशी काटून मोकळे होणाऱ्या आमच्या नववीच्या मुलांना हा नियम दर वर्षी नव्याने सांगावा लागतो, हे पालक जाणतातच!

समान गुणक शून्यच असेल तर काय? ‘लीलावती’त असा एक प्रश्न आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिप्पट केली, शून्याने भागले, ६३ आले. शून्याचा गुणाकार लगेच न करता तो गुणक म्हणून तसाच राखून ठेवावा आणि पुढे शून्याच्याच भागाकाराशी काटावा, अशी त्यांची रीत. मग संख्येची साडेचारपट ६३, म्हणून उत्तर १४. आजच्या उत्तरपत्रिकेत आम्ही ही पायरी मान्य करणार नाही. (क्ष² − ४) ला (क्ष − २) ने भागून (क्ष + २) लिहिताना क्ष ही २ नसावी, ही अट आम्ही आग्रहाने लिहून घेतो. तरीही शून्याने गुणले की सारे संपले, एवढ्यावर न थांबता त्या गुणकाचे पुढे काय होते हे बाराव्या शतकात विचारणारी बुद्धी मला फार मोठी वाटते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ चा आरंभकाल धरून, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख बहुतांशी संस्कृत आहे. दानाचा तपशील मात्र त्या काळच्या मराठीत आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकाने मठासाठी पळीभर तेल द्यावे, असे त्यात लिहिले आहे.