बीडच्या डेमूपासून मुंबईच्या लोकलपर्यंत, अख्खी गाडी एका हँडलवर आणणारा फ्रँक स्प्रेग

17 सप्टेंबर 2025. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली आणि कित्येक वर्षं रेल्वेची वाट बघणाऱ्या बीडकरांनी स्टेशनवर तोबा गर्दी केली. सुरू झालेली गाडी डेमू होती. डेमूला पुढं वेगळं इंजिन जोडावं लागत नाही. ताकद देणाऱ्या पॉवर कार गाडीतच असतात आणि पुढच्या केबिनमधला एकटा लोको पायलट त्या सगळ्यांना एकाच हँडलवर चालवतो.

आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण दोन इंजिनं एका माणसानं एकत्र चालवणं ही गोष्ट एकेकाळी अशक्यच होती. वाफेच्या जमान्यात दोन इंजिनं जोडली की दोन ड्रायव्हर, दोन फायरमन आणि मध्ये शिट्ट्यांची भाषा. पुढच्यानं जोर लावला आणि मागचा ढिला पडला की कपलिंगवर ताण आलाच. कर्जतहून लोणावळ्याकडं घाट चढताना आजही गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. तिथला चढ 37 फुटांना 1 फूट, त्यामुळं पुढच्या आणि मागच्या लोको पायलटचा ताळमेळ जमवावाच लागतो.

हा ताळमेळ तारांवर सोपवणारा माणूस म्हणजे फ्रँक ज्युलियन स्प्रेग.

जन्म 25 जुलै 1857, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं मिलफर्ड. आई लहानपणीच गेली आणि पोराला आत्यानं वाढवलं. गणितात डोकं चालायचं. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळाला, 1878 साली तिथून बाहेर पडला आणि जहाजावर नोकरी सुरू झाली. पण याचं अर्धं लक्ष समुद्रावर आणि अर्धं विजेच्या तारांवर. एका युद्धनौकेवर त्यानं विजेवर चालणाऱ्या घंटा बसवून दिल्या.

1882 मध्ये लंडनला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथं तो पोचला. त्या काळात लंडनची भुयारी रेल्वे कोळशाच्या इंजिनावर चालायची. बोगद्यात धूर आणि काजळी. गाडी विजेवर चालवली तर, हा किडा त्याच्या डोक्यात तिथंच शिरला.

पुढच्याच वर्षी नौदल सोडून तो थेट एडिसनकडं कामाला गेला. एडिसनला रस होता दिव्यांमध्ये, स्प्रेगला मोटरींमध्ये. जमणार कसं? 1884 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली.

खरी परीक्षा झाली रिचमंड शहरात. करार असा होता की 90 दिवसांत सुमारे 19 किलोमीटरची लाईन, वीजघर आणि विजेवरच्या 40 ट्राम उभ्या करायच्या, आणि काम समाधानकारक झालं तरच पैसे. शहर टेकड्यांचं, रूळ कच्चे. त्यात काम सुरू होताच स्प्रेग टायफॉइडनं अंथरुणाला खिळला. सुरुवातीचे महिने त्याच्या सहकाऱ्यांनी काम रेटलं.

बरा होऊन आल्यावर एका रात्री त्यानं सगळ्यात खडा चढ ट्रामनं चढून बघितला. ट्राम चढली, लोक जमले, आणि तेवढ्यात मोटर गेली. आता गर्दीसमोर इज्जतीचा प्रश्न. स्प्रेगनं किरकोळ बिघाड असल्याचं भासवलं, दुरुस्तीची साधनं आणायला म्हणून माणूस पाठवला आणि दिवे घालवून स्वतः बाकावर आडवा झाला. लोक कंटाळून घरी गेले. मग अंधारात ती साधनं आली. ती होती चार खेचरं! विजेवरची ट्राम खेचरं ओढत परत घेऊन गेली.

2 फेब्रुवारी 1888 ला रिचमंडची ट्राम लोकांसाठी सुरू झाली. मिळाले त्यापेक्षा जास्त पैसे या कामात गेले, पण नाव झालं. बॉस्टनहून हेन्री व्हिटनी नावाचे बडे ट्राममालक बघायला आले. त्यांना एकच शंका होती, की एका ठिकाणी खूप ट्राम साचल्या आणि सगळ्या एकदम सुरू केल्या तर वीज पुरेल का? स्प्रेगनं रात्री 22 ट्राम एका रांगेत उभ्या केल्या आणि एकापाठोपाठ सोडल्या. दिवे मंदावले, पण सगळ्या ट्राम हलल्या. बॉस्टनचं काम पक्कं झालं आणि पाठोपाठ शहरांची रांग लागली.

यश इतकं मोठं की 1890 मध्ये एडिसनच्या कंपनीनं स्प्रेगची कंपनीच विकत घेतली. सामानावरून स्प्रेगचं नाव जाऊन एडिसनचं आलं. हे त्याच्या फार मनाला लागलं आणि तो बाहेर पडला. आज विजेचं नाव काढलं की सगळ्यांना एडिसन आठवतो आणि स्प्रेग कुणाला माहीत नसतो, त्याची सुरुवात इथून झाली असं म्हणायला जागा आहे.

बाहेर पडून तो लिफ्टच्या धंद्यात घुसला. वरवर बघता रेल्वेशी काही संबंध नाही. पण न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमध्ये विजेच्या लिफ्ट बसवताना त्याला दिसलं, की मोठ्या मोटरचा करंट हाताखालच्या बटणातून न्यायची गरजच नाही. बटणातून फक्त बारीक करंटचा निरोप पाठवायचा आणि दूरच्या मोटरजवळचे स्विच त्या निरोपावर आपोआप हलतील. मग एका जागेवरून कितीही लिफ्ट हलवता येतील. आणि लिफ्टऐवजी रेल्वेचे डबे असतील तर?

1897 मध्ये शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेनं विजेवर जायचं ठरवलं. साधा विचार असा होता की वाफेचं इंजिन काढून विजेचं लावायचं. स्प्रेगनं इंजिनच नको असं सांगितलं. प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटरी, प्रत्येक डबा स्वतःची वीज स्वतः घेणार. डब्याडब्यांतून जाणार फक्त निरोपाच्या बारीक तारा. कुठल्याही डब्यातून हँडल फिरवलं की सगळे डबे एकच हुकूम पाळणार. डबा उलट्या तोंडानं जोडला तरी पुढं म्हणजे गाडीच्या दिशेनं पुढं, अशी तारांची रचना. सिद्ध करून न दाखवल्यास मोठी रक्कम बुडेल अशी हमीही त्यानं लिहून दिली.

जुलै 1897 मध्ये शेनेक्टडी इथं चाचणी झाली. सहा डब्यांच्या गाडीच्या हँडलवर त्यानं बसवलं स्वतःच्या दहा वर्षांच्या पोराला, डेस्मंडला. पोरानं गाडी चालवून दाखवली. पुढच्या वर्षी शिकागोच्या त्या मार्गावरून वाफेची इंजिनं हद्दपार झाली.

या पद्धतीला मल्टिपल युनिट म्हणतात. ईएमयू आणि डेमू या शब्दांतला एमयू तोच. 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईच्या व्हीटीहून कुर्ल्याला भारतातली पहिली विजेवरची लोकल धावली, ती याच तत्त्वावर. 15 ऑगस्ट 2022 ला कोरब्याहून निघालेल्या सुपर वासुकी मालगाडीत तर सहा इंजिनं आणि 295 वाघिणी होत्या, लांबी साडेतीन किलोमीटर.

मॉडेल रेल्वेच्या शौकिनांना हा प्रश्न टेबलावर भेटला. जुन्या पद्धतीत रुळांत जेवढा व्होल्टेज, तेवढी सगळी इंजिनं पळणार. एक जोरात, एक सावकाश, आणि दोघांची ओढाताण. 1990 च्या दशकात डीसीसी नावाची डिजिटल पद्धत रुळली. यात रुळांतूनच वीजही जाते आणि हुकूमही. प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला स्वतःचा नंबर असतो. दोन-तीन इंजिनं जोडायची तर सगळ्यांच्या सीव्ही 19 या खान्यात एकच सामाईक नंबर भरायचा, मग ती एकाच नॉबवर चालतात. एखादं इंजिन उलटं जोडलं असेल तर त्या नंबरात 128 मिळवायचे. शिकागोत उलट्या डब्याचा प्रश्न तारांनी सुटला होता, इथं तो बेरजेनं सुटतो. इंजिनांचा वेग मात्र आधी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर डिजिटल असूनही ओढाताण तीच.

स्प्रेगनं 1902 मध्ये ही कंपनीही जनरल इलेक्ट्रिकला विकली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या विद्युतीकरणात त्याचा हात होता. 1910 मध्ये त्याला विजेच्या क्षेत्रातलं मोठं पदक मिळालं. पदकाचं नाव होतं एडिसन पदक.

उतारवयातही तो स्वस्थ बसला नाही. ड्रायव्हरनं सिग्नल चुकवला तर गाडी आपोआप थांबावी, यावर त्याचं काम चालू होतं. 25 ऑक्टोबर 1934 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. रेल्वेत आयुष्य घालवलेला हा माणूस आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, सैनिकांच्या रांगेत विसावला आहे.