पंडिता रमाबाई आणि विश्वासाची ठेव

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की संस्कृत विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापिका आणि धर्मांतरामुळे पुण्यात उठलेले वादळ, एवढ्या गोष्टी चटकन आठवतात. त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचा तपशील मात्र मराठी वाचकाला फारसा ठाऊक नसतो. तो पाहू गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या असामान्य बुद्धीच्या स्त्रीची श्रद्धा ग्रंथांच्या अभ्यासाइतकीच सहविश्वासी माणसांच्या आचरणातून घडली. हाती आलेला पैसा, जमीन आणि माणसे ही आपली मालमत्ता नसून देवाने सोपवलेली ठेव आहे, ही जाणीवही त्यांना अशाच माणसांकडून मिळाली.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर चालणारा हा संसार १८७०च्या दशकातील दुष्काळात मोडला. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे हिंडत हिंडत १८७८मध्ये कोलकात्यास पोहोचली आणि तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, पण फेब्रुवारी १८८२मध्ये वैधव्य आले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला निघाल्या.

वाँटेज येथील सेंट मेरी धर्मभगिनी संघाने त्यांना आश्रय दिला. त्याच्या मोबदल्यात रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची, असे ठरले. कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. पण याच काळात या भगिनींनी लंडनजवळील फुलहॅम येथे चालवलेले आश्रयगृह त्यांच्या दृष्टीस पडले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने जवळ केले जात होते. सर्व शास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंनी अशा स्त्रियांची सेवा करणारे कोणी आजवर पाहिले नव्हते. हे कशासाठी, असे त्यांनी भगिनींना विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीकाठची कथा सांगण्यात आली. बौद्धिक शंका अजून होत्याच. त्यांचे निरसन करण्यात पुण्यातील परिचयाचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे लेखन उपयोगी पडले. काशीच्या पंडितांत वाढलेले हे शास्त्रीबोवा पूर्वीच ख्रिस्ती झाले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली मान कोणाच्या हाती दिली, असे मात्र नाही. भगिनींच्या आज्ञाधारकतेच्या अपेक्षेला त्यांनी स्पष्ट नकार दिला. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा आग्रह त्यांनी धरला. शाकाहार अखेरपर्यंत सोडला नाही. प्रेरणा घ्यावी, पण विवेक गहाण टाकू नये, हा त्यांचा बाणा चर्चच्या वरिष्ठांना पुढेही जड गेला.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांची व्याख्याने ऐकून बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदनात धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे वचन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून १८९३मध्ये भडका उडाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीने झोड उठवली, अनेक मुली घरी नेल्या गेल्या. उघड्या दाराचा वचनाशी मेळ बसत होता का, हा प्रश्न आजही रास्त आहे. रमाबाईंची बाजू अशी होती की त्या कोणावर सक्ती करीत नव्हत्या आणि स्वतःची श्रद्धा लपवणे त्यांना शक्य नव्हते.

या सुमारास त्यांच्या अंतर्यामी दुसरे काही घडत होते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही, असे त्यांना त्यातून उमगले. ब्रिस्टलमध्ये कोणापुढेही हात न पसरता हजारो अनाथांना पोसणारे जॉर्ज म्यूलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी मन लावून वाचली. मागायचे ते देवाकडे आणि मिळालेल्याचा विनियोग चोख करायचा, ही रीत त्यांनी या ज्येष्ठ सहविश्वासी मंडळींकडून घेतली.

बॉस्टनची दहा वर्षे संपल्यावर सदनाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेण्यात आली होती. ही दूरदृष्टी लवकरच कामी आली. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेने मरण पावलेले आईवडील त्यांच्या डोळ्यांपुढे होते. सुमारे तीनशे मुली त्यांनी परत आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या शेतात तंबू उभे राहिले आणि मुक्ती सदन आकाराला आले. १९००मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींचे करायचे काय? मुक्तीच्या कारभाराचे खरे वैशिष्ट्य येथे दिसते. शारदा सदनात शिकलेल्या थोरल्या मुलींवर नव्या मुलींचे गट सोपवण्यात आले. काल जिला कोणी जेवू घातले, ती आज दुसरीच्या केसांतल्या उवा काढू लागली, तिला अक्षरे गिरवायला शिकवू लागली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, दुग्धशाळा, विणकाम, तेलघाणा, छापखाना उभा राहिला. अंध मुलींसाठी आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग निघाले. फुलहॅमला पाहिलेले काम असे केडगावला मराठी वेशात आले. सुंदराबाई पवार आणि अमेरिकन मेथडिस्ट मिनी एब्रम्स यांच्यासारख्या सहकारी स्त्रिया लाभल्या, तरी संस्था कोणत्याच एका पंथाला बांधलेली नव्हती.

वेल्समधील धर्मजागृतीची बातमी आल्यावर जानेवारी १९०५मध्ये केडगावी रोजची प्रार्थना सुरू झाली. प्रारंभी सत्तर जणी येत, पुढे ही संख्या कितीतरी पटींनी वाढली. जूनअखेरीस त्या सभांना भावावेगाचे जे रूप आले, त्याची चर्चा परदेशांतील मंडळ्यांतही झाली. त्या अतिरेकाबद्दल काहींनी नाके मुरडली. पण मुली गटागटाने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या, हे टीकाकारांनाही नाकारता येत नव्हते.

अखेरची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत ते असावे, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. अक्षरजुळणी, छपाई आणि बांधणी मुक्तीच्या स्त्रियांनीच केली. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवायची होती, ती मनोरमा जुलै १९२१मध्ये आईआधीच गेली. रमाबाईंनी हातातले काम थांबवले नाही. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे केडगाव येथे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.