सोडणं आणि टाकणं

‘नवऱ्यानं माहेरी सोडलं’ आणि ‘नवऱ्यानं माहेरी टाकलं’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत मात्र लीव्ह, डेझर्ट, फोर्सेक, अबॅन्डन असे ढीगभर शब्द. डिक्शनरीत बघावं तर एकाचा अर्थ म्हणून दुसराच दिलेला! असे फरक उलगडणारं दोन खंडांचं पुस्तक १७९४ मध्ये एका बाईनं काढलं. ती हेस्टर पिओत्सी.

हेस्टर वेल्सची, जन्म १७४१ चा. १७६३ मध्ये तिचं लग्न झालं ते लंडनचे बिअरचे कारखानदार हेन्री थ्रेल यांच्याशी. बारा बाळंतपणं झाली, मोठ्या झाल्या फक्त चार मुली. १७७२ मध्ये धंदा बुडायला आला, तेव्हा हिनंच धावाधाव करून पैसे उभे केले. डिक्शनरीकार सॅम्युअल जॉन्सन तर त्यांच्या घरचेच होऊन गेले होते.

१७८१ मध्ये थ्रेल गेले आणि तीन वर्षांनी हेस्टरनं मुलींचे गाण्याचे मास्तर, इटलीचे गाब्रिएल पिओत्सी यांच्याशी लग्न केलं. त्रेचाळीस वर्षांची विधवा, आणि नवरा परदेशी गवई, तोही कॅथलिक! लंडनभर छी-थू झाली. मुली दुरावल्या. जॉन्सननी रागाच्या पत्रात, तू मुलांना टाकलंस की काय, असं सुनावलं. शब्द वापरला तो अबॅन्डन!

नवीन नवऱ्याची भाषा इटालियन. परक्या माणसाला इंग्रजी बोलताना कुठे अडतं, हे ती घरातच बघत असणार. व्याकरण पुरुषांनी सांगावं, पण चारचौघांत कुठला शब्द शोभतो हे बायकांना बरोबर कळतं, अशी तिची भूमिका. मला तर ती शंभर टक्के पटते.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच हा सोडण्याच्या शब्दांचा गट येतो. लीव्ह म्हणजे नुसतं निघणं. डेझर्टमध्ये कर्तव्याला पाठ दाखवणं येतं, पळून गेलेल्या शिपायासारखं. फोर्सेक म्हणजे ज्याच्यावर जीव होता त्याच्याकडे पाठ फिरवणं. आणि अबॅन्डन म्हणजे पार वाऱ्यावर सोडणं. अकारविल्हे क्रमच तसा हे खरं, पण तिला तो शब्द लिहिताना काय वाटलं असेल?

विद्वानांनी टिंगल केली. रॉजे यांचा प्रसिद्ध थिसॉरस यायला अजून अठ्ठावन्न वर्षं होती.

पिओत्सी १८०९ मध्ये गेले, हेस्टर १८२१ मध्ये. त्याआधी, १८२० च्या जानेवारीत ऐंशीव्या वर्षात पाऊल टाकताना तिनं बाथ शहरात सहाशेहून जास्त माणसं बोलावून मेजवानी दिली, आणि नाचाला सुरुवातही तिनंच केली.