दोन वेळा काम सोडणारे संत गोन्सालो गार्सिया

जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत दिवाळी आटोपली की पाडे रिकामे होऊ लागतात. भात आणि नाचणीची कापणी झालेली असते, घरात साठलेले धान्य पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरणारे नसते आणि कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड उचलून वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर निघतात. कित्येकांनी मालकाकडून आधीच बयाणा घेतलेला असतो. चार बुके शिकलेली मुले बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर लागतात. या बंधुभगिनींमध्ये वावरताना आम्हांला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. जेथे मन रमत नाही आणि मान मिळत नाही, ते काम सोडावे की दिवस रेटावेत? आज जो पालघर जिल्हा म्हणून ओळखला जातो, त्याच भूमीत जन्मलेल्या एका तरुणाला सोळाव्या शतकात हाच प्रश्न पडला होता. त्या तरुणाला आपण आज संत गोन्सालो गार्सिया म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथील मातीतली. वसईवर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती आणि पूर्वेकडे डोंगरात जव्हारच्या कोळी राजांचे राज्य होते. गोन्सालो यांचे शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांनी त्यांना वाढवले आणि १५७२ च्या सुमारास, जेमतेम पंधरा वर्षांचे असताना, ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले.

तेथे त्यांनी जपानी भाषा इतकी उत्तम आत्मसात केली की पुढे तिच्याच बळावर ते राजदरबारात उभे राहिले. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. मुलांना धर्मशिक्षण द्यावे, नवख्रिस्ती कुटुंबांना भेटी द्याव्यात, धर्मगुरूंचे दुभाषी व्हावे, असा त्यांचा दिनक्रम होता. काम आवडीचे होते, लोकांचे प्रेमही होते. मात्र त्यांच्या मनात एकच आस होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश मिळावा. ती पुरी झाली नाही. हिंदुस्थानी रक्ताच्या तरुणांना त्या काळी संघात क्वचितच घेतले जाई. पेरो लुईस या कोल्लमच्या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला १५७५ मध्ये मिळालेला प्रवेश हा अपवादच होता. याच सुमारास जपानी तरुण मात्र संघात येऊ लागले होते. आपण ज्यांना शिकवतो त्यांच्यासाठी दार उघडते आणि आपल्यासाठी बंद राहते, हे सोसणे सोपे नसावे.

गोन्सालो यांनी ते काम सोडले. रुसून सोडले, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. रुसलेला मनुष्य श्रद्धाही टाकून देतो, निदान ज्यांनी दुखावले त्यांची निंदा तरी करतो. गोन्सालो यांचे पुढील आयुष्य पाहता यांपैकी काहीच घडलेले दिसत नाही. ते व्यापारात शिरले. भाषा येत होती, बंदरे ठाऊक होती, माणसे ओळखीची होती. व्यापार भरभराटीला आला, ठिकठिकाणी शाखा निघाल्या. साधारण माणसाच्या दृष्टीने प्रश्न तेथेच सुटला असता.

परंतु त्यांचे मन तेथेही स्थिर झाले नाही. पहिले काम सोडणे एका अर्थी सोपे होते, कारण तेथे पुढची वाट बंद झाली होती. दुसरे काम पैसा देत होते, प्रतिष्ठा देत होते, कोणी हाकलतही नव्हते. असे काम सोडण्यास अधिक धैर्य लागते असे आमचे मत आहे. व्यापाराच्या निमित्ताने त्यांचे मनिला येथे जाणे-येणे होई. तेथे फ्रान्सिस्कन बंधू हुआन पोब्रे यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. फ्रान्सिस्कनांचे दारिद्र्य त्यांना भावले आणि व्यापाराचा पसारा आवरून त्यांनी त्या संघात प्रवेश केला. १५८८ मध्ये त्यांनी व्रते घेतली, तीही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधू म्हणून.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. गोन्सालो एकटे होते, त्यांच्यावर कोणाचे कर्ज नव्हते. भट्टीचा बयाणा ज्याच्या अंगावर आहे आणि ज्याची मुले भट्टीवरच झोपतात, त्याने संतांकडे पाहून उद्याच काम टाकावे, असे सांगणे हा अन्याय होईल. आपल्याच जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी माणसे सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबत असत. १९४५ च्या वारली उठावाने ही प्रथा हादरली आणि १९७६ च्या कायद्याने देशभर वेठबिगारी बेकायदा ठरली. बयाण्याच्या नावाखाली कोणाला कामावर डांबून ठेवले असेल, तर त्याला सोडवणे ही तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांची जबाबदारी आहे. त्यांच्याकडे जाताना अशा कुटुंबासोबत चार माणसे उभी राहिली पाहिजेत. तेवढे आपल्या धर्मग्रामांना सहज करता येईल.

१५९३ मध्ये गोन्सालो पुन्हा जपानला पोहोचले. फिलिपिन्सच्या गव्हर्नराने हिदेयोशी या जपानी सत्ताधीशाकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली वकिलात पाठवली होती. तिचे दुभाषी गोन्सालो होते. ज्या देशात प्रवेश नाकारला गेल्याचे दुःख भोगले, तेथेच त्यांना परत बोलावले गेले, ते तेथे शिकलेल्या भाषेमुळे. फ्रान्सिस्कनांनी क्योटो येथे चर्च, मठ आणि रुग्णालय उभारले व कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली.

हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मप्रसारकांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता, परंतु त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरून उठलेल्या वादात धर्मप्रसारकांविषयीचा संशय भडकला. डिसेंबरात फ्रान्सिस्कनांना कैद झाली. जानेवारी १५९७ मध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि नंतर भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेण्यात आले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते आणि सतरा जपानी प्रापंचिक. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. उरलेले तिघे येशूसंघाचे जपानी सदस्य: पौल मिकी, जॉन सोआन आणि जेम्स किसाई. ज्या संघाचे दार बंद राहिले, त्याच्याच बंधूंच्या रांगेत गोन्सालो यांचा क्रूस उभा होता. क्रुसावर प्रथम त्यांनाच चढवण्यात आले, असे सांगतात.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. वसईजवळ गास येथील चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.