कोकणातली गूढ गोष्ट, पण भूत कुठंच नाही! कुडाळात खानावळ चालवणाऱ्या खानोलकरांची गोष्ट

कोकणातलं जुनं घर, बाहेर माडांची सळसळ, कंदिलाचा उजेड आणि मालवणीत कुजबुजणारी माणसं. पडद्यावर एवढं दिसलं की आपण भुताची वाट बघायला लागतो. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तिचं शूटिंग कुडाळ-सावंतवाडी रस्त्यावरच्या आकेरीत झालं, आणि त्यानंतर तर कोकणातली गूढ गोष्ट म्हणजे घाबरवणारी गोष्ट हे समीकरणच झालं. घाबरवलं नाही तर पैसे वाया गेले, असं म्हणणारे प्रेक्षकही कमी नाहीत.

पण याच कुडाळात एक माणूस होऊन गेला. त्याच्या कथेवर श्याम बेनेगलांनी सिनेमा काढला, दुसऱ्या कथेवर व्ही. शांताराम यांनी. दोन्हीत गूढ आहे, दोन्हीत जीव टांगणीला लागतो आणि दोन्हीत किंचाळायला लावणारं काहीच नाही.

हा माणूस म्हणजे चिंतामणी त्र्यंबक खानोलकर. कवितेतले आरती प्रभू. ‘ये रे घना’ ऐकलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहेत, फक्त अनेकांना हे दोघं एकच आहेत हे माहीत नसतं.

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलाची राय इथला. शिक्षण फार झालं नाही. शाळा संपली आणि पोटापाण्यासाठी ते कुडाळात घरची खानावळ सांभाळू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण वाढायचं, उधारी लिहायची आणि उरलेल्या वेळात कविता. १९५४ साली ‘सत्यकथा’मध्ये त्यांची कविता छापून आली. त्या काळी ‘सत्यकथा’त नाव येणं म्हणजे मराठी साहित्यात दार उघडणं. मुंबईच्या साहित्यिकांना हे नाव कळलं, तेव्हा हा कवी कुडाळात गल्ल्यावर बसलेला होता.

खानावळ काही चालली नाही. १९५९ साली खानोलकर मुंबईला आले. ‘जोगवा’ हा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षीचा. मूळ वेंगुर्ल्याचेच असलेले मंगेश पाडगावकर मदतीला आले आणि आकाशवाणीत नोकरी मिळाली, पण तीही दोनेक वर्षांत सुटली. पुढचं आयुष्य लिहिण्यावर आणि ओढाताणीवर गेलं.

मात्र मुंबईत बसून त्यांनी लिहिलं ते कोकणच. इथं जरा थांबायला हवं, कारण कोकणातल्या गूढाबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज आहे. तिथं देवचार, राखणदार, वेशीवरचा नारळ हे सगळं आहेच. पण गावात रोज कुणी भुताला घाबरून जगत नसतं. देवळात कौल कसा लावतात ते बघा. देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी ती पटकन पडते, कधी पडतच नाही. जमिनीचा वाद असो, आजारपण असो की लग्न, अख्खं घर त्या एका पाकळीकडे डोळे लावून बसलेलं असतं. घाबरवणारं तिथं काही नसतं, तरी श्वास रोखलेला असतो.

दशावताराचंही तसंच. गोष्ट पुराणातली, शेवट सगळ्यांना पाठ. राक्षस मरणार हे पोरांनाही ठाऊक असतं. तरी माणसं पहाटेपर्यंत उठत नाहीत. काळा संकासुर आला की लहान मुलं आधी आईला बिलगतात आणि दोन मिनिटांत त्याच्या मालवणी बोलण्यावर हसायला लागतात.

अशा मुलखातून आलेल्या लेखकाची कादंबरी म्हणजे १९६६ ची ‘कोंडुरा’. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर कोंडुरा नावाची जागा खरोखरच आहे. खडकातल्या घळीत लाटा घुसतात आणि घुमल्यासारखा आवाज येतो. खानोलकरांनी हे नाव उचललं आणि एका गूढ शक्तीला दिलं.

सिनेमातली गोष्ट थोडक्यात अशी. परशुराम नावाचा तरुण घरात भांडण करून बाहेर पडतो. समुद्राकाठी त्याला कोंडुरा भेटतो आणि एक मुळी देतो. या मुळीनं गर्भ पडतो. अट एकच, परशुरामानं ब्रह्मचर्य पाळायचं. पुढं देवी दिसते आणि देऊळ बांधायला सांगते. गाव त्याला सत्पुरुष मानू लागतं. गावच्या जमीनदाराबद्दल त्याच्या मनात एक संशय तयार होतो, त्या घरातल्या सुनेच्या पोटातलं मूल पापाचं आहे अशी त्याची खात्री होते आणि तो ती मुळी वापरतो. संशय खोटा असतो.

आता यात भीतीची जागा कुठं आहे? कोंडुरा झालेले अमरीश पुरी दिसायला जबरदस्त आहेत, पण ते अंगावर धावून येत नाहीत. दार करकरत नाही. ज्याच्या हातात मुळी आहे तो माणूस चांगला आहे, श्रद्धाळू आहे आणि चुकीच्या खात्रीनं एका बाईच्या दिशेनं चाललाय. प्रेक्षकाला हे कळतं, त्याला कळत नाही. भुताचा सिनेमा पाहून आलेली भीती घरी आल्यावर दिवा लावला की जाते. परशुरामाची गोष्ट दिवा लावून जात नाही, कारण असे परशुराम प्रत्येक गावात असतात.

हॉलिवूडच्या हिचकॉक यांनी हाच फरक वेगळ्या तऱ्हेनं सांगितला होता. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्यांनी टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि टेबलावरची माणसं गप्पाच मारत राहिली, तर तो पंधरा मिनिटं खुर्चीला खिळतो. ‘कोंडुरा’तली मुळी हा तोच बॉम्ब. फरक इतकाच की तो देवानं दिला की माणसाच्या डोक्यानं रचला, हे शेवटपर्यंत नक्की कळत नाही.

बेनेगलांचा हा सिनेमा १९७८ साली आला. अनंत नाग परशुरामाच्या भूमिकेत, सोबत वाणिश्री आणि स्मिता पाटील, कॅमेरा गोविंद निहलानींचा. ‘भूमिका’नंतर लगेच आलेला आणि तिच्याइतकी चर्चा न झालेला सिनेमा. संथ आहे हे मान्यच करायला हवं. पहिला अर्धा तास धीर धरावा लागतो. भूत बघायला बसलेला माणूस तेवढ्यातच उठून जाईल.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ साली, व्ही. शांताराम यांचा ‘चानी’ आला होता. गोऱ्या साहेबापासून झालेली, वेगळ्या केसांची नि डोळ्यांची कोकणातली मुलगी आणि तिला वाळीत टाकणारं गाव. रंजना यांनी ही चानी केली. इथं उलटंच घडतं. घाबरलेलं गाव आहे आणि ज्या पोरीला ते घाबरतं तिच्यात भिण्यासारखं काही नाही. आपण धास्तावतो ते तिच्यासाठी, गाव तिचं काय करणार म्हणून.

नाटकातही खानोलकर सरळ वाटेनं गेले नाहीत. ‘एक शून्य बाजीराव’ १९६६ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणलं, तेव्हा ते समजलं नाही असं म्हणणारेही होते आणि मराठी नाटकाला नवं वळण मिळालं असं म्हणणारेही. कविता, कादंबऱ्या, नाटकं, हे सगळं अठरा-वीस वर्षांत उरकलेलं.

२६ एप्रिल १९७६ रोजी मुंबईत खानोलकर गेले. वय ४६. ‘चानी’ थिएटरात लागला तो त्यानंतर, ‘कोंडुरा’ त्याच्याही नंतर. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोही १९७८ सालीच, म्हणजे ‘कोंडुरा’च्याच वर्षी.

बेनेगलांनी ही गोष्ट एकाच वेळी दोन भाषांत केली होती. हिंदीत ‘कोंडुरा’, तेलुगूत ‘अनुग्रहम’. कथाही कोकणातून उचलून आंध्रात नेली. वेंगुर्ल्याच्या घळीतला आवाज हिंदीत घुमला, तेलुगूत घुमला. त्या दोन भाषांत मराठी नव्हती.